ख्रिस्ती ऐक्याचा मराठी पूर्वरंग

इ. स. १९१९ च्या मे महिन्यातील १ व २ या तारखांना तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे ३३ ख्रिस्ती पाळक एकत्र जमले. बहुतेक सर्व भारतीय होते. कोणी अँग्लिकन मंडळीचे, तर कोणी प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांतून १९०८ साली सिद्ध झालेल्या साउथ इंडिया युनायटेड चर्चचे. दोर्णकलचे बिशप वेदनायकम सॅम्युएल अझरिया हे त्यांचे अग्रणी होते. दोन दिवसांच्या विचारविनिमयानंतर त्यांनी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्याचा आशय असा की, भारतातील ख्रिस्ती जनांत जे पंथभेद दिसतात ते त्यांनी स्वतः निर्माण केलेले नाहीत, ते बाहेरून त्यांच्यावर येऊन पडले आहेत, आणि ते पुढे चालविण्याची त्यांची इच्छा नाही. या निवेदनाला जेमतेम आठवडा झाला असेल, तोच ९ मे रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांचे निधन झाले. तरंगमबाडीच्या सभेत जो प्रश्न ठरावाच्या भाषेत मांडला गेला, तोच टिळकांनी सातारा येथे आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत अगदी निराळ्या रीतीने सोडवू पाहिला होता. या दोन प्रयत्नांची परस्परांशी गाठ पडली नाही. ख्रिस्ती ऐक्याचा भारतीय इतिहास लिहिताना पहिल्या प्रयत्नाला प्रकरणच्या प्रकरण मिळते आणि दुसऱ्याला तळटीप मिळते. हे प्रमाण बरोबर आहे काय, याचा विचार व्हावयास हवा.

तरंगमबाडीच्या निवेदनातील तक्रार खरी होती, याविषयी शंका नको. मराठी मुलुखापुरते पाहिले तरी तिची साक्ष पटते. १८१३ साली अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस पोहोचले. त्यांच्या मिशनने १८३१ पासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे आपले मुख्य क्षेत्र केले. कोकणात, मुंबईत व पुण्यात स्कॉटिश मिशनरी आले, नाशकास चर्च मिशनरी सोसायटी आली, नागपुरास १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आला, आणि कोल्हापूर पुढे अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे राहिले. एकमेकांच्या क्षेत्रात पाय ठेवावयाचा नाही, असा एक सभ्य संकेत या मिशनांनी पाळला. भांडणे टळली, हा त्याचा लाभ. परंतु त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न झाली. एखादा मनुष्य काँग्रिगेशनल होणार की अँग्लिकन, हे त्याच्या श्रद्धेवरून ठरत नसे. त्याचे गाव कोणत्या तालुक्यात आहे, यावरून ते ठरे. इंग्लंडातील व स्कॉटलंडातील सतराव्या शतकाच्या यादवीतून जन्मलेले भेद गोदावरीकाठच्या शेतमजुराच्या कपाळी नकाशावरून लिहिले गेले. आणि हा संकेतही अभंग राहिला नाही. १८७० नंतरच्या काळात खुद्द अहमदनगरातच एस. पी. जी. हे अँग्लिकन मिशन येऊन बसले, आणि एकाच शहरात, एकाच भाषेच्या व पुष्कळदा एकाच जातीच्या माणसांच्या दोन मंडळ्या झाल्या. एकीचा पाळक दुसरीच्या वेदीपाशी प्रभुभोजन देऊ शकत नसे, कारण त्याच्या मस्तकावर बिशपचा हात ठेवला गेलेला नव्हता.

तथापि भेद बाहेरून आले म्हणून ऐक्य आपोआप आतून येईल, असा जो निष्कर्ष त्या निवेदनातून काढला जातो, तो तितकासा निर्वेध नाही. बाहेरून ऐक्यही आणले गेले होते, आणि त्याचा परिणाम या देशाने त्यापूर्वी तीन शतके पाहिला होता. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी केरळातील उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून तेथील प्राचीन सीरियन ख्रिस्ती समाजाला रोमच्या शिस्तीत आणले. त्या समाजाचे सीरियाक ग्रंथ दोषयुक्त ठरविण्यात आले. काही सुधारावयाचे आणि काही जाळावयाचे, असा निर्णय झाला. कागदावर ऐक्य पूर्ण झाले. १६५३ साली मट्टांचेरी येथे त्याच समाजाने क्रुसाला दोर बांधून, तो हाती धरून, जेझुइटांचे वर्चस्व न मानण्याची शपथ घेतली, आणि त्यानंतर तो समाज जो दुभंगला, तो पुन्हा एक झालेला नाही. ऐक्याचे मूल्य सांगणाऱ्यांनी उदयंपेरूरचे नाव सहसा घेतलेले नाही. वस्तुतः ते प्रथम घ्यावयास हवे.

त्याच गोव्यात, त्याच पिढीत, एका इंग्रज जेझुइटाने निराळा मार्ग धरला होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली तेथेच वारला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठी पुराणपरंपरेच्या घाटात बसविलेला आहे. श्रोत्याने प्रश्न विचारावा आणि वक्त्याने कथा सांगावी, ही त्याची रचना ज्ञानेश्वरी व एकनाथी वाङ्मय ज्या कानांवरून गेले त्या कानांसाठी आहे. स्टीफन्सला संत ठरविण्याचे कारण नाही. ज्या सासष्टीत तो वावरला तेथील देवळे पाडली गेली होती, आणि नव्या श्रोत्यांपाशी जुनी पुराणे उरू दिलेली नव्हती, म्हणूनच त्यांना नव्या पुराणाची भूक लागली होती. पुढे १६८४ साली तर कोकणीचा त्याग करण्याचा हुकूमच पोर्तुगीज सत्तेने काढला. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते: मेनेझिसने लोकांचे ग्रंथ काढून घेतले आणि स्टीफन्सने त्यांच्या छंदात एक ग्रंथ दिला. या ग्रंथाचे पुढील चरित्रही या विषयाशी संबंध ठेवते. त्याच्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथे तो पुन्हा छापला. त्यानंतर लंडनच्या मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी पोथी आहे, हे प्रकाशात आणले ते जस्टिन ॲबट यांनी. ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल. मराठी संतकवींच्या इंग्रजी अनुवादांसाठी ते प्रसिद्ध आहेत. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली. कॅथलिकाने लिहिले, प्रॉटेस्टंटाने शोधले. कोणत्याही ऐक्यपरिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय नव्हता.

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे या दृष्टीने पाहिले, तर असे दिसते की मंडळ्या वेगळ्या असल्या तरी त्यांची वही एकच होती. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने १८११ साली मराठी नवा करार छापला, तो मोडी लिपीत. मुंबईत १८१३ साली बायबल सोसायटीची शाखा निघाल्यावर भाषांतराचे काम निरनिराळ्या मिशनांतील माणसांनी एकाच मेजाभोवती बसून करावे, ही प्रथा हळूहळू पडली. तेथे पंथभेद मिटले असे नव्हे; ते शब्दांच्या रूपाने समोर आले. एकच शब्द पुरे. पाण्यात बुडविणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाचे भाषांतर करावे, असा बॅप्टिस्टांचा आग्रह, कारण त्यांच्या मते प्रौढ श्रद्धावंताचे निमज्जन हाच खरा विधी. बालकाच्या मस्तकावर पाणी शिंपडणाऱ्यांना तो शब्द कसा चालावा? १८३३ नंतर बंगाली नव्या कराराच्या संदर्भात हा वाद इतका वाढला की, लंडनच्या बायबल सोसायटीने बॅप्टिस्टांच्या भाषांतराला साहाय्य नाकारले, आणि बॅप्टिस्टांनी १८४० साली स्वतःची निराळी भाषांतर-संस्था स्थापिली. मराठीत रूढ झाला तो ‘बाप्तिस्मा’ हा शब्द, म्हणजे भाषांतर न केलेले भाषांतर. साहित्यदृष्ट्या तो शब्द खडबडीतच आहे. ‘स्नान’, ‘अभिषेक’, ‘दीक्षा’ यांसारख्या शब्दांची ज्या भाषेत रेलचेल, तिच्यात तो परका वाटतो. परंतु त्याच्या परकेपणामुळेच तो कोणत्याही एका पक्षाचा झाला नाही. दोन्ही पक्षांना आपापला अर्थ त्यात ठेवता आला. भाषेतील उणीव ऐक्याच्या उपयोगी पडल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

अहमदनगरास १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदया’चे कार्यही असेच. तो अमेरिकन मिशनचा, परंतु त्याचा वाचक मिशनच्या हद्दीत मावणारा नव्हता. बाबा पदमनजींचे उदाहरण घ्यावे: बेळगावास लंडन मिशनच्या मंडळीत १८५४ साली बाप्तिस्मा, पुढे पुण्यात स्कॉटिश फ्री चर्चचे पाळकपण, आणि १८५७ सालचे ‘यमुनापर्यटन’ तर जातिपंथाचा विचार न करता मराठी कादंबरीच्या इतिहासाने आपले म्हटले. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तन ख्रिस्ती केले. पूर्वरंग, उत्तररंग, झांज, मृदंग यांसह ते सर्व मंडळ्यांत गेले. उपासनेत गावयाच्या पदांचे तर विचारूच नये. टिळकांची पदे अँग्लिकन देवळात गाताना ती काँग्रिगेशनल पाळकाची आहेत, हे कोणाच्या ध्यानीही आले नसेल. प्रभुभोजनाचे मेज वेगळे असताना ज्यांची गाणी एक होती, त्यांचे भांडण खोल गेले नव्हते, असे म्हणावयास जागा आहे.

पंथभेदाचा जाच मनाला होतो तो कसा, हे मात्र पदसंग्रहावरून कळणार नाही. त्यासाठी पंडिता रमाबाईंची पत्रे वाचली पाहिजेत. सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेला हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे, सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने झाला. त्यानंतर लवकरच वाद सुरू झाला. विद्यार्थिनीने चर्चच्या शिकवणीचा निमूटपणे स्वीकार करावा, अशी भगिनींची अपेक्षा. रमाबाईंचे म्हणणे असे की, भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविलेल्या व्यक्तीने दुसरे तसलेच जोखड का पत्करावे? इंग्लंडात व अमेरिकेत त्यांना अनेक पंथ भेटले आणि प्रत्येकाने त्यांना आपल्याकडे ओढले. त्यांनी आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या आहोत असे सांगितले, कोणत्याही एका शाखेच्या म्हणून घेतले नाही. याच पत्रव्यवहारात एक लहानसा मुद्दा आहे. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये असावीत की संस्कृतात, हा तो मुद्दा. रमाबाईंनी संस्कृताचा आग्रह धरला. देववाणी म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची सुंदर व प्राचीन भाषा म्हणून, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. आणि ब्राह्मणांची संस्कृतावर जशी भक्ती तशीच तुमची लॅटिनवर आहे काय, असा त्यांचा टोमणाही आहे. रमाबाईंच्या लेखी ऐक्याचा प्रश्न प्रथम स्वाभिमानाचा होता. दुसऱ्याच्या भांडणात आपल्याला पक्षकार का केले जावे, हा तो प्रश्न. आयुष्याच्या अखेरीस केडगाव येथे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे मराठीत भाषांतर केले. तेही कोणत्या समितीच्या वतीने नव्हे.

टिळकांची वाट याहून पुढे गेली. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मिशनमध्ये आले, १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग त्यांच्याकडे होता. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांत प्रवेशासाठी बाप्तिस्म्याची अट नव्हती. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एका बंधुसंघात असावेत, ही त्यामागची कल्पना. तरंगमबाडीच्या सभेत बिशप असावा की नसावा, त्याचा अधिकार प्रेषितांपासून अखंड आला असे मानावे की न मानावे, यांवर खल चालला होता. टिळकांनी दरवाजाच दुसरीकडे काढला. दरबार फार दिवस टिकला नाही. त्याला घटना नव्हती, निधी नव्हता, आणि संस्थापकाला दोन वर्षेही धड मिळाली नाहीत. संस्था म्हणून तो अयशस्वीच म्हणावा लागेल. परंतु ऐक्याची सीमा कोठे आखावयाची, हा प्रश्न त्याने जितक्या उघडपणे मांडला तितका पुढील कोणत्याही योजनेने मांडला नाही.

आणखी एका बाबतीत तरंगमबाडीचे निवेदन अपुरे ठरते. पंथ बाहेरून आले हे खरे. जात कोठून आली? १८७६–७८ च्या दुष्काळानंतर अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांतून महार व मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने मंडळीत आली, आणि गावकुसाबाहेरील दोन वस्त्यांमधील जुने अंतर त्यांच्याबरोबर आले. ब्राह्मण कुळांतून आलेल्या थोड्या व्यक्तींची लेखणी पुढे आणि बहुसंख्यांचा आवाज मागे, असेही घडले. वसईच्या कॅथलिक समाजात सामवेदी, वाडवळ, कोळी यांचे विवाहसंबंध दीर्घकाळ आपापल्यांतच राहिले, आणि तेथे तर प्रॉटेस्टंट पंथांचा प्रश्नच नव्हता. चर्च एक, मिस्सा एक. ख्रिस्ती झाल्याने जात सुटत नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखांत परखडपणे दाखविले, आणि भारतीय ख्रिस्ती समाज विस्कळित असल्याची जी कारणे दिली त्यांत जातीला स्थान दिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सोवळे सुटण्याचा जो वृत्तान्त आहे, तो या दृष्टीने कोणत्याही धर्मपरिषदेच्या इतिवृत्तापेक्षा मोलाचा आहे. त्यांची जात बाप्तिस्म्याने सुटली नाही. ती आधी सुटली, स्वयंपाकघरात व पाण्याच्या भांड्यापाशी, आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला. ऐक्याच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी बिशपपदावर जेवढी वर्षे घालविली, त्याच्या दशांशाने जरी या पाण्याच्या भांड्यावर घालविली असती, तरी इतिहास निराळा झाला असता.

वाटाघाटींचा वृत्तान्त थोडक्यात असा. १९२४ साली प्रेसबिटेरियन व पश्चिम भारतातील काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले; नगरची मंडळी त्यांत आली. दक्षिणेत २८ वर्षांच्या चर्चेनंतर २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया जन्मास आले. अझरिया ते पाहावयास नव्हते. १९४५ च्या पहिल्याच दिवशी त्यांचे देहावसान झाले होते. या मंडळीने बिशपपद स्वीकारले, पण जुन्या पाळकांना पुन्हा दीक्षा घ्यावयास लावले नाही. ३० वर्षांत ही तफावत आपोआप विरेल, असा विश्वास ठेवला. उत्तरेकडील चर्चेला १९२९ साली आरंभ झाला आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. येथे बालकांचा व प्रौढांचा असे दोन्ही बाप्तिस्मे ग्राह्य ठरले. मराठी शब्दाने जी सोय शतकापूर्वी करून ठेवली होती, ती आता घटनेने केली. पाळकांच्या एकत्रीकरणासाठी परस्परांच्या मस्तकांवर हात ठेवण्याचा विधी योजला गेला, आणि त्या वेळच्या प्रार्थनेची शब्दयोजना जाणूनबुजून मोकळी ठेवली गेली, म्हणजे कोणाला त्यातून काय मिळाले हे ईश्वरावर सोपविता यावे. अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी मात्र अखेरच्या क्षणी, ऑगस्ट १९७० मध्ये, बाहेर पडली.

नागपूरच्या त्या दिवसानंतर ऐक्य न्यायालयात गेले. गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या मिळकती नव्या मंडळीच्या झाल्या काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. आणि विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून विश्वस्त-मालमत्ता आपोआप हस्तांतरित होत नाही, असा निर्णय २०१३ साली लागला. मिशनरी गेले, पण त्यांनी घेतलेल्या जमिनी राहिल्या. शहरे वाढून त्या जमिनींना जे मोल आले, त्यापुढे प्रेषितीय परंपरेचा वाद सौम्य वाटावा.

टिळकांचे पहिले इंग्रजी चरित्र १९२३ साली जॅक विन्स्लो यांनी लिहिले. ते अहमदनगरच्या त्याच एस. पी. जी. मिशनचे, ज्याच्या आगमनाने तेथील अमेरिकन मिशन एके काळी दुखावले होते. चरित्र प्रसिद्ध होण्यापूर्वी एक वर्ष, १९२२ साली, त्यांनी नगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापिला होता. टिळकांच्या दरबाराची छाया त्या कल्पनेवर पडलेली दिसते. संघाने पुढे पुण्यात शिवाजीनगर येथे आश्रम बांधला. तरुण व्हेरियर एल्विन १९२७ साली भारतात आला तो याच संघात दाखल होण्यासाठी. आश्रमाला चढउतार पुष्कळ आले. १९७० च्या दशकात दोन भगिनीसंघांनी मिळून तो पुन्हा चालविला. एक रोमन कॅथलिक सेक्रेड हार्टचा. त्यांतील सारा ग्रँट या शांकरवेदान्ताच्या अभ्यासक होत्या. दुसरा अँग्लिकन. तो वाँटेजचा सेंट मेरी द व्हर्जिन संघ, ज्याच्याशी नव्वद वर्षांपूर्वी रमाबाई क्रुसावरील लॅटिन अक्षरांवरून भांडल्या होत्या. पुण्याच्या त्या आश्रमातील प्रार्थनेत उपनिषदांतील संस्कृत मंत्रांना स्थान होते.